नरहरीकाकांचा गवाह

बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या दारी नवी गाडी आली, की नारळ फुटण्याआधी तिचं बॉनेट उघडलं जायचं, आणि ते नरहरीकाका उघडायचे. त्यांना कोणी बोलावत नसे. गुरुजी कुंकवाचं बोट गाडीला टेकवणार तेवढ्यात काका मधे घुसत, इंजिनातली ऑइल मोजायची डिपस्टिक उपसत, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत, परत आत घालत, परत काढत. मग ती उन्हात धरून बघत, टोकावरचं तेल अंगठा आणि बोटात चोळत, आणि शेवटी नाकाशी नेत. तोवर गुरुजींचा हात तसाच हवेत. काकांनी मान हलवली की पूजा पुढे सरकायची.

काका कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांपुढे फायली मांडण्यात सगळी नोकरी गेली. ते कोर्टातून रिटायर झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निघालं नाही. डिपस्टिकला ते 'गवाह' म्हणत. "मालकाचं काय घेऊन बसलात, सूनबाई," मला म्हणायचे, "सर्व्हिसिंग वेळेवर केलं म्हणेल, तेल बदललं म्हणेल. गवाह पेश करा म्हणावं. सगळं बाहेर येतं की नाही बघा." सकाळी फाटकापाशी भेटणारी इतर माणसं चहा झाला का विचारतात. हे विचारायचे, "गवाह काय म्हणतो?"

ते दिवसही तसेच होते. आमच्या लहानपणी गाडी म्हणजे दोनच नावं. आता दर दोन-चार महिन्यांनी नवं नाव, नवा आकार, नवी जाहिरात. काकांनी हौसेनं टर्बो डिझेल गाडी घेतली आणि गल्लीला टर्बोचं वेड लावलं. वेड कसलं, धाक म्हणा. टर्बो गाडी आल्या आल्या बंद करायची नाही, हा त्यांचा पहिला कायदा. "धावत आलेल्या माणसाला एकदम झोपवता का? धाप तर बसू द्या त्याची." माझ्या नणंदेच्या लग्नाला आम्ही त्यांच्या गाडीतून गेलो, तेव्हा मंडपाच्या दारात इंजिन चालू ठेवून आम्हा सगळ्यांना आत बसवून ठेवलं. बाहेर मंगलाष्टकं संपत आली, माझ्या मुठीतल्या अक्षतांचा घामानं भात व्हायला आला, आणि काका टर्बोची धाप मोजताहेत. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा समोरच्या जोशींनी मुलीला बघायला आलेल्या मुलाबद्दल त्यांचं मत विचारलं. काका म्हणाले, "शिकलेला आहे, घराणंही चांगलं. पण थंड इंजिनाला रेस देतो. संसारात परेशान करील." जोशींनी नकार कळवला. काय खरं, काय खोटं, देव जाणे, पण मुलीची आई अजून काकांना दुवा देते.

घरात काका अगदी निराळे. सुमतीकाकूंची स्मरणशक्ती तेव्हा विरत चालली होती. मला त्या कधी कोणा मालूच्या नावानं हाक मारायच्या, कधी भांडी घासायला आलेली समजून मोरीकडं बोट दाखवायच्या. स्वतःच्या भावालाही ओळखेनाशा झाल्या होत्या. काकांना मात्र ओळखायच्या. त्यांनी "अहो" म्हणून हाक मारली, की बॉनेटमधून काकांचं डोकं वर यायचं आणि चेहरा असा खुलायचा, की नुकतंच लग्न झालंय असं वाटावं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. काकांना गल्लीत कोणाची भीती नव्हती. ही एवढी एक होती. रोज संध्याकाळी ते काकूंना गाडीत बसवून काचीगुड्यावरून नामपल्लीपर्यंत एक फेरी मारून आणायचे.

आमच्या ह्यांचं बेगम बाजारात मसाल्याचं होलसेल दुकान. काकांचं बघून ह्यांनीही टर्बो डिझेल घेतली आणि डिपस्टिक बघायला शिकले. एक दिवस नाचत घरात आले. "बघ की, मी थेंबभर घातलं नाही, तरी ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलंय. आपोआप वाढू लागलंय. बरकत म्हणतात ती ही." व्यापाऱ्याचं मन ते. घातल्यावाचून वाढणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. गाडीपुढं उदबत्ती लागली, दुकानातल्या हमालांना मिठाई वाटली गेली. मलाही, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

काका आले. गवाह बाहेर निघाला. त्यांनी बोटं चोळली, वास घेतला आणि फडकं खांद्यावर टाकून निकाल दिला. "विठ्ठलराव, ही बरकत नव्हे. ही मिलावट आहे."

मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या दारात, त्याच्या हमालांसमोर, हा शब्द. ह्यांचा चेहरा पडला. पणजोबांपासून आमच्या मिरचीपुडीत कोणी चिमूटभर रंग मिसळल्याचं ऐकलं नाही, आणि इथं उघड्यावर मिलावट. काकांनी मग समजावून सांगितलं. घरापासून दुकान जवळच. तेवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेनं झिरपून खाली तेलात उतरतं. तेल वाढल्यासारखं दिसतं, पण झालेलं असतं पातळ, आणि टर्बो तर त्याच तेलाच्या जिवावर फिरतो. "पाहुणे वाढले म्हणून ताकात पाणी घातल्यासारखं आहे हे," काका म्हणाले. "हे तेल बदला. आणि दर रविवारी गाडी लांब न्या. तापू दे, धावू दे. दुसरा इलाज नाही."

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नातेवाइकांची लग्नं आणि बारशी सोडून कुठंही नेलं नव्हतं. 'चला, फिरून येऊ' हे वाक्य ह्यांना येतच नव्हतं. पण इंजिनाच्या तब्येतीसाठी आम्ही विकाराबादची टेकडी पाहिली, बिदरचा किल्ला पाहिला, यादगिरीगुट्ट्याला दर्शनाला जाऊन आलो. ह्यांचं लक्ष सगळं टेम्परेचरच्या काट्याकडं, माझं खिडकीबाहेर. मी मनातल्या मनात काकांना लग्नाच्या अक्षतांची माफी देऊन टाकली.

मग हिवाळ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, वाकायला बंदी. मला बोलावून त्यांनी किल्ली दिली. "जरा सुरू करून ठेवत जा, सूनबाई. बॅटरी बसेल नाहीतर. बॉनेट मात्र नक्को उघडू."

गल्लीतल्या प्रत्येक बॉनेटमध्ये डोकं घालणारा माणूस असं म्हणतो, म्हटल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. नाकाशी नेलं. डिझेलचा भपका आला. मला इतका आनंद झाला, की मी डिपस्टिक हातात घेऊनच त्यांच्या ओसरीवर गेले. म्हटलं, "काका, गवाह पेश आहे. आम्हाला विकाराबादला पिटाळता, आणि तुमच्या घरची मिलावट?"

काका हसले नाहीत. "गुन्हा कबूल आहे," म्हणाले. "मला माहीत आहे ते. सारखं तेल बदलतो, परत तेच." मग आतल्या खोलीकडं बघून आवाज उतरवला. "एकदा नेलं होतं हिला लांब. बिदरच्या रस्त्यानं. इंजिन काय सुंदर चाललं होतं. शहर मागं पडलं, तशी ही गप्प झाली. थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाली, 'भाऊ, मला घरी सोडता का? आमचे हे वाट बघत असतील.'"

मी डिपस्टिक पदरात धरून उभी.

"गल्ली, काचीगुडा, नामपल्ली, एवढं तिच्या ओळखीचं. तेवढ्यात मी तिचा असतो. त्याच्या बाहेर कोण असतो, काय की. मग इंजिन गेलं तर जाऊ दे." चष्मा सारखा करत म्हणाले, "ह्या चष्म्यापायी चार दिवस झाले, घरातसुद्धा हाक मारली नाही तिनं. सकाळी विचारत होती, हे गृहस्थ कोणाकडं आलेत म्हणून."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी ह्यांना हाक मारली.

संध्याकाळी ह्यांनी काकांची गाडी काढली. मी पुढं बसले, काका आणि काकू मागं. काकू दाराला चिकटून, त्या काळ्या चष्म्यापासून होता होईल तेवढ्या लांब. काचीगुड्याचं स्टेशन गेलं, काही नाही. ह्यांनी वेग आणखी कमी केला. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या, ह्यांनी त्या मुकाट्यानं घेतल्या. नामपल्लीला नुमाइशीच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या मोठ्या प्रदर्शनाच्या, फाटकावर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, मक्याच्या कणसांचा धूर येत होता. ह्यांनी तिथं गाडी जवळजवळ थांबवलीच. काकू काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या.

मग तिकडंच बघत म्हणाल्या, "अहो, माझी शाल घेतली का? आत गार असतं."

"हौ, घेतली," काका म्हणाले.

शाल कोणीच घेतली नव्हती. मी माझी काढली आणि मागं न बघता हात लांब केला.