पार्टिशनच्या दोन्ही बाजूंचं हवामान

परदेशी विद्यार्थ्यांसाठी हवामान बदलाचा छोटा कोर्स सुरू झाला, आणि तापमानवाढीच्या पहिल्याच तासाला सगळा वर्ग ब्लँकेटं पांघरून बसला. शिकवणाऱ्या बाई हातमोजे घालून फळ्यापाशी उभ्या होत्या. पृथ्वी तापते आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पण सांगताना दात वाजत असल्यामुळे ते कुणाला पटेना.

"बाई, आमच्या देशात वर्षभर बर्फ असतो," मागच्या बाकावरची उंच मुलगी म्हणाली, "पण तो घराबाहेर असतो हो."

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. संचालकांना हा कोर्स मुळातच नको होता. "हवामान रोजच बदलतं, त्यात शिकवायचं काय?" हे त्यांचं मत. एक जरी तक्रार आली, तरी ते कोर्स गुंडाळून बाईंना पुन्हा परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवणार होते.

बाईंनी बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने शिडीवर चढून वर्गातला एसी तपासला आणि निदान केलं. "एसी ठणठणीत आहे. पूर्वी हा एकच हॉल होता. संचालक साहेबांच्या केबिनसाठी मधे पार्टिशन घातलं, तेव्हा एसी राहिला तुमच्याकडे आणि त्याचा सेन्सर गेला साहेबांकडे. त्यांच्या खिडकीत ऊन येतं, सेन्सर तापतो, आणि गारठा पडतो तुमच्या डोक्यावर."

"मग पार्टिशन काढा."

"ते साहेबांनी स्वतः उभं राहून घालून घेतलंय," असं म्हणून इलेक्ट्रिशियन शिडीसकट चालता झाला.

मग बाईंनी शक्कल लढवली. विद्यार्थ्यांची भेट म्हणून एक फुलदाणी नेऊन त्यांनी केबिनमधल्या सेन्सरला चिकटून ठेवली. वर फुलं, आत गच्च बर्फ. शिपायाला बर्फ बदलत राहायला सांगितलं. सेन्सर फसला, एसी थांबला आणि वर्गात ब्लँकेटांच्या घड्या झाल्या.

इतके दिवस पार्टिशनवरून झिरपणाऱ्या गारव्यावर संचालकांचं बरं चाललं होतं. आता ते उकडून निघाले. आधी कोट उतरला, मग टाय, मग बूट. शेवटी बादलीत पाय सोडून त्यांनी बाईंना बोलावणं पाठवलं.

"बाई, माझं चुकलं. तापमानवाढ खरी आहे," ते घाम पुसत म्हणाले. "परवापर्यंत ही केबिन अशी नव्हती. आणि एवढ्या उकाड्यात ही फुलं टवटवीत. निसर्गाचं काहीतरी बिनसलंय."

कोर्स कायम झाला. वर संचालकांनी मोठं मन करून आपली केबिन वर्गासाठी दिली, "मुलांना प्रत्यक्ष अनुभव मिळू दे" म्हणाले, आणि स्वतः वर्गाच्या खोलीत टेबल हलवलं. बाईंना नाही म्हणता येईना.

केबिनमध्ये मुलं दाटीवाटीने घामाघूम होऊन बसली. उंच मुलीने फुलं हुंगायला म्हणून मान वाकवली आणि तिला खजिनाच सापडला. बघता बघता सगळ्यांनी बर्फ वाटून घेऊन कपाळाला लावला. पलीकडे एसी घरघरला.

थोड्याच वेळात केबिनचं दार उघडलं. दारात संचालक, अंगाभोवती खिडकीचा पडदा गुंडाळलेला.

"बाई, काल होरपळत होतो, आज गोठतोय. हे काय चाललंय?"

खरं सांगून टाकावं असं बाईंना मनापासून वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही.

"सर, हे छोट्या कोर्समध्ये समजावण्यासारखं नाही."

"मग वर्षभराचा करा," संचालक कुडकुडत म्हणाले, "आणि माझं नाव घाला त्यात."

बाईंनी त्यांना पहिल्या बाकावर, उन्हाच्या बाजूला जागा करून दिली.