अक्काकडचा दिवा

रेगेकाका कुठल्याही नव्या यंत्राला हळदकुंकू लावल्याशिवाय त्याचं बटण दाबत नाहीत. बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरला लावलं, एअर फ्रायरला लावलं, विंटर टायर्सना तर चारीही टायरांना वेगवेगळं. "नवा माणूस कामावर आला की नमस्कार करतो ना आपण?" असं वर विचारतात.

कॅनडातल्या कनाटा या उपनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. एकदा त्यांनी दारावर थाप मारली. थापच, कारण माझी बेल त्यांनीच दुरुस्त केलेली आहे.

"सुनीता, ताबडतोब ये! बूट घालत बसू नकोस!"

बाहेर उणे अठरा. मी चपलांवर धावले.

डायनिंग टेबलावर बिस्किटाएवढे दोन हिरवे बोर्ड. "मायक्रोकंट्रोलर! अख्खा कॉम्प्युटर आहे, फक्त डोकं बारकं. एक इथे, एक हॅमिल्टनला अक्काकडे. मी बटण दाबलं की तिच्या किचनमध्ये दिवा लागणार, तिने दाबलं की इथे. वायफायवरून!"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. रोज सकाळी सातला दोघं फोनवर भांडायची. दिवाळीपासून अक्काला फोनवरचं ऐकू येईना, कानात मशीन घालायला ती तयार नाही, आणि मग तिने फोन उचलणंच सोडलं. काकांनी तीस वर्षं इथल्या एका कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं डिझाइन केली. लोकांचे फोन जोडून दिले आणि घरचाच फोन लागेना, याचा त्यांना भयंकर राग होता.

"पण पहिल्यांदा बेसिक!" हे त्यांचं लाडकं वाक्य. "पहिला धडा म्हणजे बोर्डावरची ही टिकलीएवढी लाइट लुकलुकवायची."

त्यांनी केबल लावली. कॉम्प्युटर म्हणाला, काहीच जोडलेलं नाही. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तासभर त्यांनी रीस्टार्ट केलं, सेटिंग्ज बदलल्या, बोर्ड बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. फटीत काय अडकलंय ते बघायची मला सवयच. केबल काढून टॉर्च मारला.

"काका, कुंकू ओलं लावलंत?"

"मग कोरडं टिकतं होय?"

केबल घालायच्या तोंडात कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. मी लाकडी टूथपिकने खरवडायला लागले. "दुखतंय का विचार त्याला," काका कळवळून म्हणाले.

मग केबल लावली, प्रोग्रॅम पाठवला आणि कोपऱ्यातली लाइट लुकलुकली!

"लागली! सुनीता, लागली!" काका जागच्या जागी उड्या मारायला लागले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

पुढचे चार दिवस भिंतीपलीकडून फक्त "जमलं!" असं ऐकू येत होतं. दोन डब्या झाल्या, प्रत्येकीवर एक दिवा, एक बटण. यावेळी कुंकू डबीला बाहेरून. एक डबी कुरिअरने अक्काकडे गेली, सोबत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: "सकाळी उठलीस की बटण दाब. एकदाच."

शनिवारी सातला मी त्यांच्याकडे चहाला गेले. काकांनी बटण दाबलं आणि डबीकडे बघत बसले. सव्वासात झाले. साडेसात झाले. चहावर साय धरली.

"वायफाय गेलं असेल तिचं," मी म्हटलं.

काकांनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "शेवटच्या फोनला मी ओरडलो होतो तिच्यावर. ती सारखी 'काय? काय?' करत होती. मी म्हटलं, तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही, आणि फोन ठेवला. तेवढं मात्र तिला ऐकू गेलं."

चहा गरम करायला मी त्यांचा कप उचलला, आणि दिवा लागला.

विझला. पुन्हा लागला. पुन्हा. मग थांबायलाच तयार नाही.

"अगं, एकदाच दाबायचं असतं," काका दिव्याला अगदी हळू आवाजात म्हणाले. डोळे पुसायलाही त्यांना हात मोकळा नव्हता. एका हातात डबी धरून दुसऱ्याने ते आपलं बटण दाबत सुटले होते.