तीन फ्लॉप्या आणि केळीचा नंबर

"उद्या हा डबा पेटला काय अन् तापीत वाहून गेला काय, केळीचा नंबर इकडचा तिकडे होणार नाही!" लताबाईंनी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं.

रावेरकडच्या केळी सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायला लताबाई. कोणाच्या बागेत आधी ट्रक जाणार, तो नंबर आता त्या डब्यात! जुनी वही लताबाईंनी आपल्या हाताने रद्दीत घातली होती. जळगावच्या क्लासात शिकवलंच होतं, बॅकअप घ्या आणि एका जागी ठेवू नका. म्हणून त्यांनी तीन फ्लॉप्या भरल्या. एक ऑफिसात अभिमनभाऊ कारकुनाकडे, दुसरी चेअरमन चुडामणनानांकडे, तिसरी घरी सासूबाईंकडे. "जिवापाड जपा हं!" असं तिघांना बजावलं.

चुकलं ते इथेच. तिघांनीही जपली!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होते न होते तोच एका दुपारी व्होल्टेज असं उसळलं, की ऑफिसचा पंखा छप्पर घेऊन उडतो की काय असं वाटलं. डब्यातून धूर निघाला. जळगावहून मेकॅनिक दुसरा डबा घेऊन आला. जुना उघडून म्हणाला, "आतलं सगळं गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचे ट्रक येणार होते. ऊन असं, की घड झाडावरच पिवळे पडायला लागलेले. मागे राहील त्याची केळी मातीत! शेतकरी ओट्यावर जमून ओरडू लागले.

"बाई, नंबर चुकला," नाना मिशीवर बोट ठेवून म्हणाले, "तर डबा जळगावला परत, अन् तुम्ही पुन्हा घरच्या शिलाई मशीनवर!"

"नाना, बॅकअप आहे ना! अभिमनभाऊ, फ्लॉपी द्या."

अभिमनभाऊंनी बिलं ओवायची तार काढली. विजेचं बिल, डिझेलचं बिल आणि त्यांच्यामध्ये फ्लॉपी!

"अहो, तारेत ओवली?"

"मग? महत्त्वाचे कागद तारेतच! हिला मधे भोक होतंच, पण फार मोठं. डुलायची बिचारी. म्हणून खिळ्याने शेजारी बारीकसं पाडलं!"

लताबाई चेअरमनकडे वळल्या. "नाना, तुमची?"

"आपली देवघरात!" नाना छाती फुगवून घरी गेले आणि ताटात घेऊन आले. फ्लॉपी आखाजीच्या पूजेला बसली होती. वर पाण्याची घागर, आणि जिथून मशीन वाचतं त्या फटीतून आत भरघोस हळदकुंकू!

मेकॅनिकने नमस्कारच केला.

लताबाई धावतच घरी गेल्या. सासूबाई धुळ्याकडच्या, गच्चीवर पापड राखत बसलेल्या.

"आत्या, माझी ती काळी चौकोनी वस्तू?"

"ती का? सादळी जाई म्हनीसन मी उनम्हा टाकी दिनी!"

सादळू नये म्हणून पापडांच्या ओळीत फ्लॉपीही उन्हात वाळत होती. चारही कोपरे वर उचललेले. तळायचीच काय ती बाकी!

लताबाई रडवेल्या होऊन परतल्या. ओट्यावर नाना एकेका शेतकऱ्याला त्याचा नंबर विचारत होते आणि गोंधळ टिपेला पोचला होता.

"मले काय विचारता? माह्या पुढे झुलाल! कसा पुढे गेला, त्याचं त्याला माहीत!"

"अन् माह्या पुढे निंबा! त्याची लागवड माह्या मागून, तरी पुढे!"

"माह्या पुढे गिरधर! चेअरमनचा साडू ना!"

लताबाई थबकल्या. स्वतःचा नंबर एकालाही आठवत नव्हता. पण आपल्यापुढे कोण घुसलाय, ते मात्र जो तो झोपेतही सांगेल!

"सगळे उठा! ज्याच्यावर चिडलात त्याच्या मागे उभे राहा!"

ढकलाढकली, शिव्या, धूळ! पण रांग झाली ना! फक्त एकटे जीवरामआबा कोणावरच न चिडता गालात हसत होते. पहिला नंबरही सापडला!

लताबाईंनी रांग बघत बघत नंबर नव्या डब्यात घातला. सकाळी ट्रक त्याच क्रमाने गेले. कोणी हूं की चूं केलं नाही.

"बाई, राहिली तुमची खुर्ची," नाना म्हणाले. "पण आता बॅकअप कुठे ठेवता?"

लताबाई ओशाळल्या. मग ओट्याकडे वळून म्हणाल्या, "दर सोमवारी बॅकअप! सगळ्यांनी यायचं आणि आपापल्या पुढच्यावर मनापासून चिडायचं. फक्त तो राग घरी कोणाला जपायला देऊ नका!"