दर्शनी भागावर नंबर

शाळेच्या भांडारातलं कपाट उघडलं आणि विज्ञानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. वीसच्या वीस टॅब ओळीनं उभे होते, आणि प्रत्येकाच्या काचेवर, बरोबर मधोमध, पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत नंबर घातलेला होता.

"भाऊसाहेब, हे काय करून ठेवलंत?"

"नंबर घातलेत. नियम आहे, बाई. वस्तूच्या दर्शनी भागावर, दुरून वाचता येईल असा."

"अहो, पण त्याच भागावर बघायचं असतं!"

"मग? नंबरही बघायचाच असतो की."

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. अठ्ठावीस वर्षं भांडार त्यांच्या ताब्यात होतं आणि नोंदवहीतले 'हरवले' आणि 'खराब' हे दोन रकाने अजून कोरे करकरीत होते. ह्यात जादू काही नव्हती. ते कुणाला काही देतच नसत. पृथ्वीचा गोल खोक्यात, सूक्ष्मदर्शक फडक्यात आणि टॅब चार महिने कुलपात. पोरांच्या हाती दिलं की संपलंच, असं त्यांचं म्हणणं. तीन महिन्यांनी निवृत्त होताना ते कोरे रकाने तसेच नव्या माणसाच्या हवाली करायचे, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

आणि आज सकाळी फोन आला. तपासणीचे साहेब बारा वाजता येणार. मुलं टॅबवर शिकत नसतील, तर टॅब उचलून दुसऱ्या शाळेला देणार.

"आणि खराब निघाले तर वीस नोंदी 'खराब'मध्ये," मोठ्या बाई म्हणाल्या. "खाली सही तुमची."

भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाईघाईनं थिनर आणलं आणि सतरा नंबरचा टॅब घासला. नंबर गेला, पण सगळी काच पांढरीफटक झाली. आधी सतरा फक्त मधोमध होता, आता तो सगळीकडे होता.

"मुलांकडे द्या," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"मुलांकडे?"

"मग बसा एकटे घासत बारापर्यंत!"

सातवीच्या वर्गात दोघांत एक टॅब गेला. पोरं पट्ट्या, खोडरबर, कंपासपेटीतली करकटकं घेऊन तुटून पडली. एकेका 'कर्र'सरशी भाऊसाहेबांच्या काळजाला चरे पडत होते. त्यात पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीनं टॅब चालूच केला.

"ए, बंद कर आधी!"

"उजेडाशिवाय रंग राहिलाय का ते कळत नाही, भाऊसाहेब."

बोलणं तर बरोबर होतं. मग वीसही टॅब चालू झाले, आणि तासाभरात कोणी शेजाऱ्याच्या पडक्या दाताचे फोटो काढतंय, कोणी स्वतःचाच आवाज ऐकून खिदळतंय, असा गोंधळ माजला. शिकवलं कुणीच नव्हतं.

बाराच्या ठोक्याला साहेब आले. त्यांनी एक टॅब उचलून उजेडात धरला. काचेवर ओरखडेच ओरखडे. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"चार महिन्यांत ही अवस्था?" साहेब म्हणाले. "वा! ह्याला म्हणतात वापर! बाकीच्या शाळांत काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नसतो." मग ते बडबडीकडे वळले. "काय शिकता गं ह्याच्यावर?"

तिनं टॅब पुढे केला. त्यावर तक्ता होता: पट्टी, खोडरबर, करकटक, कशानं किती मिनिटांत किती रंग निघतो.

"प्रयोग आहे, साहेब."

साहेब जाम खूश झाले. "हे ओरखडे 'खराब'मध्ये धरायचे नाहीत," त्यांनी बजावलं. भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही रकाने वाचले होते. एवढ्यात साहेब जाता जाता वळले. "आणि हो, असे टॅब कुलपात कशाला? आजपासून मुलांना घरी नेऊ द्या. आळीपाळीनं."

शाळा सुटली तेव्हा भाऊसाहेब वही घेऊन फाटकात उभे होते. निदान कोणता टॅब कुणाकडे, एवढं तरी लिहून घ्यावं.

"तुझा नंबर किती?"

बडबडीनं टॅब त्यांच्यासमोर धरला. काचेवर ओरखडे होते, पण रंगाचा ठिपकाही नव्हता. "नंबर नाहीच, भाऊसाहेब. तुम्हीच काढायला लावलात ना?"

ती पळाली. तिच्यामागून एकसारखे एक वीस टॅब हलत, डुलत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांगले.

"उद्या आणा रे परत!" भाऊसाहेब कळवळून ओरडले. अठ्ठावीस वर्षांत वस्तू परत मागायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, कारण दिली होती ती आज पहिल्यांदाच.