बाबलतात्याची निळी नळी

बाबलतात्या सकाळी सकाळी लोकांच्या दारात मूत मागूक येता. खोटां नाय सांगणंय! शेजारी आमचो. हातात काचेची नळी, काखेत पिंजरो आणि दारातसून आरड, "गो सुनबाय, चेडवाचां पयलां पाणी हाड!" मूत म्हणूचां नाय, पाणी म्हणूचां.

पिंजऱ्यात पांढऱ्या उंदरांची जोडी. तात्या मुंबयक इस्पितळात असल्याच उंदरांक सांभाळी, थंय डॉक्टर त्येंच्यावर साखरेच्या दुखण्याचो शोध करीत. पेन्शनीक इलो तो ही जोडी घेवन. सासू म्हणता, "लोक मुंबयसून ट्रंका हाडतत, ह्येना उंदीर हाडल्यान!"

"उंदीर नाय वयनी, साहेब! आपल्यासाठी आजारी पडतत ते." आणि जेवच्या आधी त्येंका वाढता, हात जोडता.

पाण्यात निळां औषध घालून स्टोवर तापयता. निळां ऱ्हवलां तर बरां, तांबडां झालां तर अंगात साखर.

आमची सुमी, माझां लहान चेडू, त्या दिवसांत सारखी पाणी मागी, अंगान सुकलेली. सासू म्हणी, "गरमी आसा, तान लागतलीच." पण माझो जीव थाऱ्यार नाय, मीच तिचां पाणी बाटलीत घेवन धावलंय. तात्यान तापयल्यान आणि विटेसारखां तांबडां! सुमीक उराशी धरून थंयच बसलंय.

मगे तात्यान बाटलीचां बूच हुंगल्यान. आणि देवा, चाटल्यान!

"गो, ह्येच्यात काय होतां आधी?"

"सासूची काकवी. धुतलंय मी, तात्यानू!"

"बूच धुतलंस? ही साखर तुझ्या सासूची, चेडवाची नाय!"

आपली बाटली उकळून दिल्यान. पण सुमी आता मुतूक तयार नाय! पाणी पाजलां, अंगणात फिरयलां, शेवटाक साहेबांच्या पिंजऱ्याकडे बसयलां, तेवा झालां.

निळां. निळांच ऱ्हवलां.

मी हसतंय, रडतंय, सुमीचे मुके घेतंय. बघतंय तर तात्या नळी उजेडात धरून उभो आणि डोळ्यांक धार.

"आता तुमी कित्याक रडतास?"

"मी मुंबयक उंदरांचां पाणी तपाशी," तात्या म्हणालो, "आणि हंय माझां चेडू पाणी मागून मागून गेलां. त्येचां पाणी कोणी बघूक नाय गो."

तात्या नळये राखेन घासता, उकळता, परत घासता. सुमीची ती नळी मात्र अजून धुवूक नाय. साहेबांच्या पिंजऱ्यावर उभी करून ठेवल्यान आसा.