साहेबांच्या अंगावरचं मीठ

समुद्रातल्या माशाला आजारातून उठवून पुन्हा पोहायला लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर आता पाहून घ्या. मीच ती! गोड्या पाण्यातला मासा कोणीही जगवेल. मी म्हणतेय तो खाऱ्या पाण्यातला, पाण्यात मीठ जरा कमी पडलं तरी तोंड फिरवणारा, जावयापेक्षा नाजूक! आणि हो, माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं असेल तर ते जरा बाजूला ठेवा. आमच्या घरात म्हणतात, आईंनी दहा सांगितले की तीन धरायचे. ही गोष्ट मात्र दहाच्या दहा खरी आहे. बरं, साडेनऊ.

माझी सून दातांची डॉक्टर. वर आमचं घर, खाली तिचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत पेशंट बसतात, त्यांच्यासमोर भिंतभर लांब काचेची टाकी. आत दगड, डुलणारी प्रवाळं, लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या, थोड्या गोगलगायी, आणि या सगळ्या संसाराचा एकच मालक: निळाशार, पिवळ्या शेपटीचा मासा. त्याला आम्ही साहेब म्हणायचो. कारण ते ओठ पुढे काढून, कोणाकडेही न बघता, तपासणीला निघाल्यासारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. सुनेचं म्हणणं, दात काढायला आलेला माणूस घटकाभर साहेबांकडे बघत बसला की त्याच्या हाताची थरथर थांबते.

टाकीशेजारी एक वेताची खुर्ची. ती माझी. साहेब लोकांना शांत करायचे आणि मी त्यांची करमणूक करायचे. आता करमणूक कधीकधी जरा जास्त व्हायची. एकदा एका गृहस्थांना मी माझ्या आजोबांच्या अक्कलदाढेची हकीकत सांगितली. मुळं इतकी लांब, की डॉक्टर ओढत ओढत खोलीबाहेर गेला, अंगण ओलांडलं, रस्त्याला लागला, तरी इकडे आजोबांच्या तोंडातून दाढ अजून निघतेच आहे! गृहस्थ जरा पाणी पिऊन येतो म्हणाले, ते अजून पाणीच पितायत. त्या दिवशी सुनेनं मला अगदी शांतपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर ही खुर्ची वर जाईल, आणि खुर्चीबरोबर मीही. वर काय आहे? टीव्ही आणि भिंती. टीव्ही आपलंच बोलतो, आणि भिंतींना हसता येत नाही. ती खुर्ची गेली असती ना, तर मी महिन्याभरात मुकी झाले असते.

अशातच एका सकाळी मला साहेबांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. चिमटीनं मीठ भुरभुरवावं तसे. शिवाय साहेब दगडाला अंग घासत होते, खाज सुटलेली म्हैस झाडाला घासते तसे. साहेबांना हे शोभतं का! मी तडक आत गेले. सून कोणाच्या तरी तोंडात दोन्ही हात घालून उभी होती. मान वर न करता म्हणाली, "आई, कालच तुम्ही सांगत होतात, साहेबांना मिशा फुटल्यात म्हणून."

सांगितलं होतं खरं. पण मिशा वेगळ्या आणि ठिपके वेगळे!

दुपारी ती बाहेर आली तेव्हा दातातली कीड शोधायचा भिंगाचा चष्मा तिच्या डोळ्यांवर तसाच होता. माझं मन राखायला म्हणून टाकीपाशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग तिनं तडक माशांच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं सांगितलं ते असं: हे ठिपके म्हणजे माशाच्या कातडीत शिरून त्याच्यावरच पोसणारे बारीक किडे. दुर्लक्ष केलं तर मासा गेलाच म्हणून समजा. त्याला औषध तांब्याचं. पण ते मोठ्या टाकीत घातलं तर कोळंब्या, गोगलगायी, प्रवाळं, सगळी मेली. म्हणून माशाला वेगळ्या टाकीत ठेवून औषध द्यायचं, आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशाशिवाय ठेवायची. मासाच नाही म्हटल्यावर तिथले किडे उपाशी मरतात.

सुनेचा चेहरा उतरला. मी मात्र पदर खोचला. म्हटलं, साहेबांची सेवा मी करते. ते वाचले तर खुर्ची कायमची माझी, त्यावर पुन्हा चर्चा नाही. गेले, तर मी स्वतः खुर्ची उचलून वर नेईन. सून म्हणाली, "चालेल."

पहिलं काम साहेबांना पकडायचं. एका बाजूनं सून जाळी घेऊन, दुसऱ्या बाजूनं काउंटरवरची मुलगी. साहेब दोघींच्या मधून निघाले आणि दगडाच्या फटीत जाऊन बसले, ते काही केल्या बाहेर येईनात. आत खुर्चीवर सुनेनं एकाचा जबडा बधिर करून ठेवला होता. वाट बघून बघून तोही उठून आला आणि आम्हाला सूचना द्यायला लागला. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे सूचना काय आहेत ते कोणालाच कळेना, पण त्याचा उत्साह दांडगा! खोलीभर पाणी, सुनेच्या बाह्या खांद्यापर्यंत ओल्या, आणि साहेब फटीतून एक डोळा काढून आमच्याकडे बघतायत.

शेवटी मी सगळ्यांना मागे सारलं. साहेबांचा जीव कशात आहे ते मला ठाऊक होतं. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा मी त्यांना रोज चिमट्याला लावून द्यायचे. तोच एका मोठ्या प्लास्टिकच्या जगमध्ये ठेवला, जग पाण्यात आडवा धरला, आणि त्यांच्याशी गप्पा मारत बसले. थोड्या वेळानं साहेब बाहेर आले, इकडे तिकडे बघितलं आणि ऑफिसात शिरावं तसे जगमध्ये शिरले. आता ते शेवाळ खायला आले की माझी गोष्ट ऐकायला, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. दुसरं मत माझं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीतली दातांची खुर्ची बिघडून पडली होती. तिच्याशेजारी टेबलावर आम्ही साहेबांचं हॉस्पिटल थाटलं. लहानशी टाकी, तळाला वाळू नाही की दगड नाही, ते औषध पिऊन टाकतात म्हणे. फक्त नळाच्या पाइपाचा एक तुकडा, साहेबांना लपायला. सून इंजेक्शनच्या सिरिंजनं औषध मोजून घालायची. मग पाणी एका नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे, रंग आला की कार्डावरच्या रंगाशी ताडून बघायचा. तांबं कमी तर किडे मरत नाहीत, जास्त तर साहेबच जातात. रंग बघायचं काम माझं. साड्या निवडताना केलेल्या कसरतीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं! आणि दोन पेशंटच्या मध्ये सून वरचा मोठा दिवा ओढून, भिंगाचा चष्मा लावून साहेबांना तपासायची. उजवी बाजू साफ, डावीकडे शेपटीपाशी थोडे शिल्लक, असं दातांसारखंच बोलायची. एकदा सवयीनं "आ करा" म्हणाली.

आठवडाही झाला नसेल, ठिपके गायब! साहेब पुन्हा ओठ काढून फेऱ्या मारायला लागले. आणि नेमकं तेव्हाच बाहेर गडबड झाली.

झालं असं, की समोरच्या टाकीत मासा दिसेना म्हटल्यावर लोकांनी आपापला हिशोब केला. आमच्या कोपऱ्यावर कपडे शिवणारी एक बाई आहे. ती जाता जाता दारातच कोणाला तरी म्हणाली, की ज्या डॉक्टरला एक मासा जगवता येत नाही, तिच्या हातात आपली दाढ कशी द्यायची? हे वाक्य गल्लीभर फिरून आलं. काउंटरवरच्या मुलीला फोनवर फोन. कोणाची दाढ आपोआप बरी झाली, कोणाला अचानक गावाला जायचंय. बाकांवर माणसं कमी दिसायला लागली.

सून मागच्या खोलीत आली ती जाळी घेऊनच. म्हणाली, ठिपके गेलेत, मी याला आत्ता बाहेर सोडते. मी दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला. मला वाटतं त्या दिवशी मी नेहमीपेक्षा उंच होते.

"दुखायचं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही," मी म्हटलं. "कोर्स पूर्ण करायचा."

तिची जाळी खाली आली. कारण हे वाक्य तिचंच! सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक पेशंटला हेच ऐकवते. खुर्चीत बसून बसून मला ते पाठ झालंय. आणि दुकानदारानंही सांगितलं होतं, ठिपके गळून पडतात ते किडे मेले म्हणून नाही, तर तळाला जाऊन पिल्लावळ वाढवायला. मोठ्या टाकीत ती पिल्लावळ साहेबांची वाटच बघत असणार.

सून बिघडलेल्या खुर्चीवर बसली. "मग लोकांना काय सांगू?"

"ते माझ्यावर सोड."

"आई, खरं सांगा. फक्त खरं. तुम्हाला माझी शपथ."

शपथ घातल्यावर काय करणार! दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा जे घडलं तेवढंच सांगितलं. मासा आजारी आहे, मागच्या खोलीत भरती आहे, डॉक्टरीण बाई स्वतः औषध देतात, दिव्याखाली तपासतात. समोर कवळीकाका बसले होते. हे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर किलोत ग्रॅम कमी सापडला तर दुकानदाराला घाम फोडलेला माणूस. त्यांची नवी कवळी कायम त्यांना केसभर उंच वाटायची, म्हणून आठवड्याला एक फेरी ठरलेली. ते असे हसले की कवळी निसटून हातात आली. बाकीच्यांना म्हणाले, दाताच्या दवाखान्यात मासा भरती, आजीबाई आज अगदी रंगात आहेत! सगळे हसले. खरं-खोटं बघायला म्हणून आत येऊन बसलेली शिवणवाली बाई तर डोळे पुसायला लागली. मी खरं सांगून एवढी कधी फसले नव्हते.

मग मी सुनेची शपथ मनातल्या मनात सुनेला परत केली.

म्हटलं, बरं, ओळखलंत तुम्ही. मासा टाकीतच आहे. पण हा वेगळा आहे, दगडामागे राहतो. फार लाजरा. खोलीत कोणी कुरकुरलं, पाय हलवला, धास्तीनं श्वास वरखाली झाला, की तो बाहेर येत नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश श्वास घेत बसलं तर दिसतो. तेही नशीब असेल तर.

खोली चिडीचूप झाली.

काही वेळानं शिवणवाली बाई हळूच म्हणाली, शेपूट हलली. शेजारच्यानं विचारलं कुठे, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. आणि मग कवळीकाका, ज्यांनी जन्मात कोणाला ग्रॅमभर सूट दिली नाही, ते पुढे झुकून म्हणाले, "वीतभर. वर दोन बोटं. तांबूस. मिशा आहेत."

कोळंबी होती हो ती! पण काकांनी माप दिल्यावर बोलायची कोणाची छाती? त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात मासा दिसणं हा मानाचा विषय झाला. कोणाला तो लाल दिसला, कोणाला जांभळा, एकाला तर त्यानं मान डोलावली. ज्यांची दाढ आपोआप बरी झाली होती, त्यांची आपोआप पुन्हा दुखायला लागली. काही जण दुखत नसतानाही यायचे, आणि आलोच आहोत तर म्हणून दात साफ करून जायचे. सून आतून विचारायची, हल्ली पेशंट इतके शांत कसे येतात? काउंटरवरची मुलगी म्हणायची, आजींनी सगळ्यांना श्वास घ्यायला शिकवलंय. सून माझ्याकडे संशयानं बघायची आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायची.

तिकडे औषधाचा महिना पार पडला. मोठ्या टाकीची मुदतही भरली. साहेब गुबगुबीत, चकचकीत, अंगावर मिठाचा कण नाही! दुकानदार स्वतः येऊन बघून गेला आणि म्हणाला, असा जीव फार कमी जणांना वाचवता येतो. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, दुसऱ्यांदा सुनेसमोर.

मग साहेबांचं आगमन! बाहेरची खोली गच्च भरलेली. मी जग पाण्यात आडवा केला, साहेब बाहेर पडले, ओठ पुढे काढून त्यांनी एक लांब फेरी मारली. निळा रंग असा की खोलीतले दिवे फिके पडावेत. सुनेनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा मासा आईंनी वाचवला आणि ही खुर्ची आता त्यांचीच. टाळ्या पडल्या. मी मान जरा खाली घातली, म्हणजे मोठेपणा नीट दिसतो.

कवळीकाकांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "छान आहे. पण मोठा कुठे गेला?"

"कोण मोठा?" सुनेनं विचारलं.

"मिशीवाला," काका म्हणाले. शिवणवाली बाई म्हणाली, हो, तो लाजरा. बाकीचेही माना वळवून वळवून दगडामागे बघायला लागले. या नव्या माशानं त्याला हाकलला की काय, अशी कुजबुज सुरू झाली. एवढे आजारातून उठलेले साहेब, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही!

सुनेनं हळूहळू माझ्याकडे मान वळवली. खुर्ची मिळून पाच मिनिटंही झाली नव्हती. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. खरं सांगावं तर काका सगळ्यांसमोर खोटे ठरतात, आणि खोटं सांगावं तर सून समोर उभी. माझ्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलं.

सून टाकीपाशी गेली, वाकली, दगडामागे बघितलं आणि लोकांकडे वळली.

"आहे," ती म्हणाली. "झोपलाय. कालच त्याची अक्कलदाढ काढली."

खोलीनं एकदम हळहळून श्वास सोडला. काकांनी काळजीनं विचारलं, फार त्रास झाला का? सून म्हणाली, मुळं जरा लांब होती.

खुर्ची अजून माझीच आहे. पण हल्ली मी गोष्ट सांगायला लागले की लोक म्हणतात, थांबा आजी, डॉक्टर बाहेर येऊ देत.