मुलीकडची माणसं

शनिवारी दुपारी एम. ए.च्या वर्गात सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उघडल्या, तेव्हा दर्शनाच्या लक्षात आलं की आजचं सहभोजन जेवणाशिवायच होणार आहे. बाकावर कागदी प्लेटांची चळत लागली. तिच्यावर आणखी एक चळत आली. वैभवने जरा वेगळेपणा म्हणून कागदी ग्लास आणले होते. खाण्याजोगं म्हणाल तर बार्शीच्या धनेशची शेंगदाण्याची चटणी, तीही डबीभर.

सहभोजनाचं खूळ दर्शनाचंच. परळच्या त्या कॉलेजात सहामाही संपत आली तरी मुलं एकमेकांना नावानं ओळखत नव्हती. तास संपला की जो तो कानात इअरफोन खुपसून आपल्या वाटेला. तिनेही ते चालवून घेतलं असतं. पण सोमवारी पाण्याच्या कूलरपाशी तिने सलोनीला आईशी फोनवर बोलताना ऐकलं. सलोनी चंद्रपूरची. दादरला कॉट भाड्याने घेऊन राहायची आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. परीक्षा झाली की कायमची परत येते, असं ती सांगत होती. "इथं मी आजारी पडले तरी कोणाला कळायचं नाही," हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की दर्शनाची बाटली भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही. दर्शना वाढली लालबागच्या चाळीत; नुसती शिंकली तरी तीन दारांतून चौकशी व्हायची. सलोनीला जाऊ द्यायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

वर्गाच्या ग्रुपवर तिने मेसेज टाकला होता : शनिवारी सगळे मिळून जेवू, ज्याला जे जमेल ते आणा. आणि जेवण दुसरं कोणीतरी आणेल, या भरवशावर प्रत्येकाने सगळ्यात सोपी वस्तू उचलली होती.

"एकानं तरी विचारायचं ना, कोण काय आणतंय ते," दर्शना वैतागून म्हणाली.

"कुठे विचारणार?" वैभव म्हणाला. "ग्रुपवर फक्त तूच लिहू शकतेस. सेटिंग तूच केलंयस."

गुड मॉर्निंगची फुलं बंद व्हावीत म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात ते केलं होतं, आणि पुढे आपला वर्ग किती घुमा म्हणून हळहळत बसली होती.

मुलं पिशव्या आवरू लागली. सलोनीची बॅग तर खांद्यावर चढलीही होती. दर्शना दारात आडवी उभी राहिली. जेवण आपल्या घरी होईल, चालत जायचंय, आणि प्लेटा कोणी विसरायच्या नाहीत, असं तिने जाहीर केलं. वाटेत तिने आईला फोन करून चार-पाच जणं येताहेत म्हणून सांगितलं.

दर्शनाच्या आईने, मालनबाईंनी दार उघडलं, तर जिन्यावरची रांग संपेना. घरात कुळथाची पिठी आणि भात, तोही तीन माणसांपुरता. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं; त्या नजरेचा हिशेब पाहुणे गेल्यावर होणार होता. मग त्यांनी मोठं पातेलं काढलं. धनेशने बेसनाचा डबा मागून घेतला आणि पिठलं रटरटायला ठेवलं. सलोनीला तर मालनबाईंनी नावही विचारलं नाही, सरळ विळीवर कांदे कापायला बसवलं. कांदे संपेपर्यंत तिला चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची माहिती झाली होती.

आत जागा मावेना म्हणून पंगत गॅलरीत बसली, आणि घोटाळा झाला तो तिथे. वरच्या मजल्यावरून गंगुबाईंनी खाली वाकून पाहिलं. दुतर्फा पंगत, हातात कागदी प्लेटा, मालन पातेलं घेऊन धावतेय. भरदुपारी याचा अर्थ एकच निघत होता. बघता बघता जिन्यावरून बायका उतरल्या. कोणाच्या हातात नारळ, कोणाकडे सोलकढीचं भांडं, कोणी घाईने तळलेले वडे. गंगुबाईंनी तर इस्त्रीची साडी नेसली होती.

"मालन, लेकीचो साखरपुडो नि एका शब्दान सांगलंस नाय गो."

दर्शनाने साखरपुडा नाही, वर्गाचं जेवण आहे, असं पुनःपुन्हा सांगितलं. पण साखरपुड्याच्या दिवशी मुली लाजून असंच काहीबाही बोलतात, यावर बायकांचं एकमत झालं. मुलंही तिच्या मदतीला आली नाहीत. वडे गरम होते.

गंगुबाई वाढता वाढता सलोनीपाशी थांबल्या. "तुमी कोण? मुलीकडची की मुलाकडची?"

सलोनीने तोंडातला घास गिळला.

"मुलीकडची," ती म्हणाली. मग पंगतीवरून नजर फिरवून म्हणाली, "आम्ही सगळेच."

"मग मुलाकडची खंय?"

"ती यायचीयत अजून," वैभवने ठोकून दिलं. ते ऐकून मालनबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर पंगतीला वेगळाच जोर चढला. मुलाकडच्यांना काही कमी पडायला नको म्हणून धनेशने पुन्हा बेसन कालवलं. वैभव जिन्याच्या तोंडाशी स्वागताला उभा राहिला. वाढपाचा ताबा सलोनीने घेतला, आणि तिचा आवाज वर्गात कोणी ऐकला नव्हता इतका खणखणीत निघाला.

तेवढ्यात दर्शनाचे बाबा, गुणाजी, शिवडीच्या गोदामातली अर्ध्या दिवसाची पाळी संपवून जिना चढून आले. वैभवने वाकून त्यांना नमस्कार केला, हातातली पिशवी काढून घेतली आणि "आले, मुलाकडचे आले" म्हणत त्यांना पुढे घातलं. दर्शना आत पाणी भरत होती, मालनबाई शेगडीपाशी होत्या, आणि गंगुबाई हसू आवरत गप्प राहिल्या.

गुणाजींनी दारावरची आपल्याच नावाची पाटी एकदा नीट वाचून पाहिली. मग ते उंबऱ्याबाहेरच चप्पल काढून अवघडून उभे राहिले. सलोनीने त्यांच्या हातात प्लेट दिली, तिच्यावर दोन वडे ठेवले आणि पंगतीच्या टोकाला त्यांना जागा करून दिली.

"बसा काका, लाजू नका," ती म्हणाली. "आपलंच घर समजा."